पस्तिशीतलं गरोदरपण : प्रश्न तुमचे, उत्तरं आमची

वयाबद्दलच्या पत्रांमध्ये ‘आम्ही उशीर केला का?’ हा प्रश्न कुठे उघड, कुठे आडून विचारलेला असतो. त्याचं उत्तर देऊन कुणाचाच फायदा नाही, म्हणून तो बाजूला ठेवतो. कोणती तपासणी कितव्या आठवड्यात, कोणती गोळी किती आणि कुठल्या तक्रारीला थांबायचं नाही, एवढंच या वेळच्या उत्तरांत आहे. ही उत्तरं सर्वसाधारण आहेत. औषध सुरू करणं, बंद करणं किंवा बदलणं तुमची फाइल पाहणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच.

प्रश्न : माझं वय ३४ आहे. प्रसूतीच्या अंदाजे तारखेला ३५ पूर्ण होतील. पहिल्याच भेटीत फाइलवर ‘हाय रिस्क’ असा शेरा मारला. मला बीपी नाही, शुगर नाही, वजनही बेताचं आहे. ३५ला एकदम असं काय होतं?

एकदम काहीच होत नाही. चौतिसाव्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी आणि पस्तिसाव्या वाढदिवशी शरीर तेच असतं. वय मोजताना आजचं नाही, प्रसूतीच्या तारखेचं धरतात, म्हणून तुमच्या फाइलवर शेरा आला.

ही रेषा आली १९७०च्या दशकातून. पोटातून सुई घालून गर्भजल तपासण्याची सोय तेव्हा नवी होती आणि त्या सुईमुळे गर्भपात होण्याचा थोडा धोका होता. बाळात गुणसूत्रांचा दोष सापडण्याची शक्यता ३५च्या आसपास त्या धोक्याच्या बरोबरीला येते, असा तेव्हाचा हिशोब होता. चाचणी कुणाला द्यायची हे ठरवण्यासाठी कुठेतरी रेघ मारायला हवी होती, ती तिथे मारली गेली. पुढे चाचण्या बदलल्या, सुईही पूर्वीपेक्षा सुरक्षित झाली, रेघ मात्र तिथेच राहिली.

धोका वाढतो, पण टप्प्याटप्प्याने. डाउन सिंड्रोम (गुणसूत्रांचा एक दोष) असलेलं बाळ जन्मण्याची शक्यता आईच्या पंचविसाव्या वर्षी साधारण १२५०त १, तिसाव्या वर्षी ९५०च्या आसपास १, पस्तिसाव्या वर्षी ३५०त १ आणि चाळिसाव्या वर्षी १००त १ असते. म्हणजे ३५ला ३५० पैकी ३४९ बाळांना हा दोष नसतो. गर्भपाताचंही तसंच. पंचविशीत जवळपास दहात एक गर्भ टिकत नाही. ३५ ते ३९ या वयात ते प्रमाण सहात एक ते पाचात एक होतं आणि चाळिशीनंतर तिनात एक. दोन्हींचं मूळ एकच आहे : स्त्रीबीजं जन्मापासून साठवलेली असतात, आणि जितकी जुनी होतात तितकी शेवटच्या विभाजनात गुणसूत्रांची वाटणी चुकण्याची शक्यता वाढते.

दुसरा गट आईच्या तब्येतीचा : रक्तदाब, गरोदरपणातली शुगर, वार खाली असणं, जुळं, पिशवीतल्या गाठी. हे सगळं वयाबरोबर वाढतं, पण आमच्या मते इथे जन्मतारखेपेक्षा वजन, आधीचे आजार आणि घरातला इतिहास जास्त बोलतो. बीपी-शुगर नसलेल्या पस्तिशीतल्या बाईपेक्षा जुना रक्तदाब असलेल्या अठ्ठाविशीतल्या बाईकडे डॉक्टरांना जास्त लक्ष द्यावं लागतं.

तेव्हा तो शेरा कर्मचाऱ्यांसाठीची खूण समजा. पुढच्या भेटीत एकच विचारा : ‘वय सोडून माझ्या फाइलमध्ये आणखी कोणता मुद्दा आहे का?’ ‘नाही’ असं उत्तर आलं, तर तुमच्या तपासण्यांचं वेळापत्रक बाकीच्यांपेक्षा फारसं वेगळं नसेल. बाळाच्या गुणसूत्रांच्या चाचण्यांबद्दल जरा सविस्तर बोलणं होईल, शुगर लवकर पाहतील, बीपीकडे डोळा ठेवतील आणि शेवटच्या महिन्यात तारखेबद्दल आधीच ठरवून घेतील.

प्रश्न : वय ३६. पुढच्या काही महिन्यांत मूल हवं असं ठरवतोय. थायरॉइडची गोळी चालू आहे, गेल्या वर्षी बीपीसाठी टेल्मिसार्टन सुरू झालं. फॉलिक अ‍ॅसिड या वयात जास्त घ्यावं लागतं का?

फॉलिक अ‍ॅसिडचं आधी. वयामुळे डोस वाढत नाही. रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस जाण्याआधी निदान एक महिना, शक्य तर तीन महिने, आणि बारावा आठवडा संपेपर्यंत. मेंदू आणि कणा ज्या नळीपासून घडतात ती गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत मिटते. पाळी चुकली, चाचणी केली, मग गोळी आणली, असं झालं की ती वेळ बरीचशी हातची गेलेली असते. आधीच्या बाळाला कण्याचा दोष, आईला मधुमेह, फिट्सची काही औषधं अशी कारणं असतील तर दहापट डोस लागतो, ४ ते ५ मिलिग्रॅम. दुकानातून गोळी घेताना ४०० मायक्रोग्रॅम की ५ मिलिग्रॅम हे वेष्टनावर वाचा. दोन्ही गोळ्या छोट्या असतात आणि इथे गडबड नेहमी होते.

तुमच्या पत्रात खरी घाईची गोष्ट टेल्मिसार्टन आहे. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल या गटांतली औषधं गरोदरपणात चालत नाहीत. विशेषतः पहिल्या तिमाहीनंतर ती बाळाच्या मूत्रपिंडांना इजा करतात आणि गर्भजल कमी होतं. म्हणून स्वतःच्या मनाने बंद करून बसायचं का? अजिबात नाही, मग रक्तदाब मोकाट सुटेल. प्रयत्न सुरू करण्याआधीच डॉक्टरांकडे जाऊन लॅबेटालॉल, निफेडिपिन किंवा मिथाइलडोपा यांपैकी एकावर यायचं आणि त्यावर बीपी स्थिर झाल्याचं पाहायचं. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर तीही त्याच भेटीत दाखवा.

थायरॉइडसाठी टीएसएच (थायरॉइडच्या रक्तचाचणीतला आकडा) २.५च्या खाली आणून मग प्रयत्न करणं चांगलं. गर्भ राहिला की थायरॉक्सिनची गरज पाव ते तीसेक टक्क्यांनी वाढते, आणि ती पहिल्या काही आठवड्यांतच वाढते. बरेच डॉक्टर आधीच सांगून ठेवतात : चाचणी पॉझिटिव्ह आली की आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या घ्या आणि भेटायला या. तुमच्या डॉक्टरांकडून ही सूचना लिहून घ्या. त्यानंतर निम्मं गरोदरपण सरेपर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या थायरॉक्सिन शोषू देत नाहीत, मध्ये चार तासांचं अंतर हवं. डोस वाढवूनही टीएसएच खाली येत नसेल तर तिन्ही गोळ्या एकत्र जाताहेत का, हे सर्वांत आधी पाहावं.

याच भेटीत रूबेलाची प्रतिकारशक्ती तपासून घ्या. लस लागली तर ती घेऊन महिनाभर दिवस जाऊ द्यायचे नसतात. गर्भाशयमुखाची चाचणी राहिली असेल तर तीही उरका. आणि ३५ पुढे सहा महिने नियमित प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर तपासणीला जा, तरुण जोडप्यांसारखं वर्षभर थांबू नका.

प्रश्न : वय ३५. बाराव्या आठवड्यात एनटी स्कॅन आणि डबल मार्कर झालं. रिपोर्टमध्ये ‘१:१८०, हाय रिस्क’ आलंय. घरात सगळे हादरलेत. एनआयपीटी करायची की थेट गर्भजल तपासणी?

१:१८०चा अर्थ असा, की अगदी असाच रिपोर्ट आलेल्या १८० बायका एकत्र केल्या तर त्यांतल्या एकीच्या बाळाला डाउन सिंड्रोम असेल, १७९ जणींच्या बाळांना नसेल. ही चाचणी निदान करत नाही, पुढे कुणाची तपासणी करायची ते निवडते. ‘हाय’ आणि ‘लो’ यांमधली रेषा लॅब ठरवते, कुठे १५०त १, कुठे २५०त १. तुमचाच आकडा दुसऱ्या लॅबमध्ये ‘लो’ ठरला असता.

हा आकडा कसा तयार होतो ते कळलं की धास्ती कमी होते. संगणक सुरुवात करतो तुमच्या वयाच्या धोक्यापासून. मग बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी म्हणजे एनटी, आणि रक्तातली बीटा-एचसीजी व पॅप-ए ही दोन द्रव्यं यांनी त्या आकड्याला गुणलं किंवा भागलं जातं. सुरुवातच मोठ्या आकड्याने होत असल्यामुळे ३५ पुढे ‘पॉझिटिव्ह’ रिपोर्ट जास्त येतात. बाळ ठीक असलेल्यांचेसुद्धा.

म्हणून पुढचं पाऊल टाकण्याआधी रिपोर्टच्या वरच्या भागात भरलेली माहिती वाचा. जन्मतारीख बरोबर आहे का? वजन त्या दिवसाचं आहे का, की जुन्या फाइलवरून उतरवलंय? वजन जास्त तर रक्तातली द्रव्यं पातळ होतात आणि त्याची दुरुस्ती वजनावरूनच केली जाते. जुळं, आयव्हीएफ, धूम्रपान, मधुमेह यांचे रकाने भरलेत का? आठवडे पाळीवरून धरलेत की सोनोग्राफीतल्या बाळाच्या लांबीवरून? डोक्यापासून ढुंगणापर्यंतची ही लांबी ४५ ते ८४ मिलिमीटरमध्ये असतानाच, म्हणजे ११ आठवडे पूर्ण ते १३ आठवडे ६ दिवस या काळातच, एनटीचा हिशोब लागू पडतो. एखादा रकाना चुकला असेल तर पुन्हा रक्त काढायची गरज नाही, लॅब माहिती दुरुस्त करून आकडा नव्याने काढून देते.

माहिती बरोबर असेल तर पुढचा निर्णय एनटीच्या जाडीवर ठरतो. एनटी ३.५ मिलिमीटर किंवा जास्त असेल, सोनोग्राफीत बाळाच्या रचनेतच दोष दिसला असेल, किंवा आकडा १०त १ इतका वाईट असेल, तर एनआयपीटीत (आईच्या रक्तातून होणाऱ्या डीएनए चाचणीत) दिवस न घालवता थेट निदानाकडे जाणं योग्य. अशा बाळांमध्ये एनआयपीटी पाहत नाही असेही दोष असू शकतात. एनटी नेहमीची आणि आकडा तुमच्यासारखा मधला असेल, तर एनआयपीटी हा चांगला पर्याय आहे.

एनआयपीटीत आईच्या रक्तात तरंगणारे, वारेतून आलेले डीएनएचे तुकडे मोजतात. दहा आठवडे पूर्ण झाले की करता येते. डाउन सिंड्रोम असलेली शंभरातली नव्याण्णव बाळं ती पकडते आणि चुकून ‘पॉझिटिव्ह’ म्हणण्याचं प्रमाण हजारात एकाच्या आसपास आहे. हे आकडे वाचून ‘९९ टक्के अचूक, म्हणजे पॉझिटिव्ह आलं की संपलंच’ असं लोक धरून चालतात. हिशोब करून पाहू. ३५ वर्षांच्या १०,००० गरोदर बायका घ्या. तिसऱ्या महिन्यात या वयाला धोका साधारण २५०त १ (यांतले काही गर्भ पुढे टिकत नाहीत, म्हणून जन्माच्या वेळी तो ३५०त १ दिसतो), म्हणजे ४० बाळं बाधित. ती जवळपास सगळी पकडली जातील. उरलेल्या ९,९६० मधल्या दहाएक जणींना चुकून पॉझिटिव्ह येईल. म्हणजे ५० पॉझिटिव्ह रिपोर्टपैकी ४० खरे, १० खोटे. हीच चाचणी पंचविशीतल्या १०,००० बायकांवर केली तर बाधित बाळं दहाएक आणि खोटे रिपोर्टही दहाएक, निम्मे निम्मे. या एका बाबतीत वय जास्त असलेल्यांचा रिपोर्ट जास्त भरवशाचा. तरीही पाचात एक खोटा निघतोच, त्यामुळे एनआयपीटी पॉझिटिव्ह आली म्हणून त्याच कागदावर गर्भपाताचा निर्णय कधीही घेऊ नये. आधी निदान पक्कं करायचं.

एनआयपीटी निगेटिव्ह आली तर हा विषय जवळपास मिटला. अ‍ॅनॉमली स्कॅन (बाळाची रचना तपासणारी सोनोग्राफी) मात्र १८ ते २२ आठवड्यांत करायचाच. हृदयातलं छिद्र, फाटलेला ओठ, कण्याचा दोष यांतलं काहीही एनआयपीटीला दिसत नाही. कधी ‘रिपोर्ट देता आला नाही’ असंही येतं. बाळाचा डीएनए रक्तात साधारण चार टक्क्यांपेक्षा कमी असला की असं होतं, आईचं वजन जास्त असेल तर हे जास्त वेळा घडतं. बहुधा पुन्हा रक्त देऊन काम होतं. पण वारंवार उत्तर येत नसेल तर ते ‘निगेटिव्ह’ समजू नका, काही गुणसूत्रदोषांत वार लहान राहते आणि त्यामुळेच डीएनए कमी मिळतो.

गर्भजल तपासणी १५ आठवडे पूर्ण झाल्यावर. त्याआधी केली तर पाय वाकडे होण्याचा आणि पाणी गळण्याचा धोका वाढतो. सोनोग्राफीत सुईचं टोक सतत पाहत १५ ते २० मिलिलिटर पाणी काढतात. पहिले एक-दोन मिलिलिटर टाकून देतात, कारण त्यात आईच्या पेशी आलेल्या असू शकतात. प्रत्यक्ष सुई आत असते ती एक-दोन मिनिटं. त्या दिवशी पाळीसारखं दुखलं तर घाबरू नका. पाणी गळणं, रक्त जाणं, ताप, वाढत जाणारी कळ यांपैकी काही झालं तर लगेच दवाखाना. रक्तगट निगेटिव्ह असेल तर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन, आणि याची आठवण तुम्हीच करून द्या. सुईमुळे गर्भपात होण्याचा धोका अनुभवी हातात अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो. मुख्य गुणसूत्रांचं उत्तर दोन-तीन दिवसांत येतं, पूर्ण तक्त्याला दोन आठवडे लागतात.

याहून लवकर, ११ ते १३ आठवड्यांत, वारेचा तुकडा काढून तपासता येतो. त्यात शंभरातल्या एक-दोन जणींमध्ये वारेचा आणि बाळाचा गुणसूत्रसंच वेगळा निघतो आणि मग गर्भजल काढावंच लागतं.

आणि हो, यांतलं काहीच करायचं नाही हाही पर्याय आहे. उत्तर काहीही आलं तरी गरोदरपण चालूच ठेवायचं, असं तुमचं दोघांचं ठरलं असेल, तर नुसता चांगला अ‍ॅनॉमली स्कॅन करून थांबता येतं. फक्त ते आधी ठरवा, रक्त देऊन आल्यावर नाही.

प्रश्न : पत्नीचं वय ३८. चार वर्षांपूर्वी गोठवलेल्या भ्रूणापासून गर्भ राहिला आहे. मार्करच्या अर्जावर वय कोणतं लिहायचं?

गुणसूत्रांच्या हिशोबासाठी स्त्रीबीज काढलं तेव्हाचं वय धरायचं, म्हणजे ३४. दात्रीचं बीज असेल तर बीज काढतेवेळचं दात्रीचं वय. अर्जात यासाठी वेगळा रकाना असतो, तो मोकळा राहिला की धोका उगाच मोठा येतो. रक्तदाब आणि शुगर यांच्यासाठी मात्र पत्नीचं वय ३८च. शिवाय आयव्हीएफ हा रक्तदाबाच्या बाबतीत वेगळा मुद्दा म्हणून मोजला जातो. त्यासाठी पुढचं उत्तर पाहा.

प्रश्न : मी ३६ वर्षांची, पहिलंच बाळ, चौदावा आठवडा. डॉक्टरांनी रोज अ‍ॅस्पिरिन सांगितलं. सासूबाई म्हणतात, रक्त पातळ करणारी गोळी पोटुशी बाईने घ्यायची नसते. खरं काय?

सासूबाईंची काळजी मोठ्या डोसच्या बाबतीत बरोबर आहे. दुखण्यावर घेतात ती ३०० मिलिग्रॅम किंवा जास्तीची गोळी गरोदरपणात आपल्या मनाने घेऊ नये. इथे डोस आहे ७५ ते १५० मिलिग्रॅम, आणि काम आहे वारेच्या रक्तवाहिन्यांचं. या वाहिन्या सुरुवातीच्या महिन्यांत रुंद झाल्या नाहीत तर पुढे आईचा रक्तदाब चढतो, लघवीत प्रथिनं जातात, बाळाची वाढ खुंटते. याला प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅस्प्रे’ या मोठ्या अभ्यासात धोका जास्त असलेल्या बायकांना ११ ते १४ आठवड्यांपासून ३६ आठवड्यांपर्यंत रोज रात्री १५० मिलिग्रॅम दिलं, तेव्हा ३७ आठवड्यांच्या आत उद्भवणारा हा आजार साठ टक्क्यांनी कमी झाला.

नुसतं वय ३५ झालं म्हणून सहसा ही गोळी देत नाहीत. वय हा मध्यम धोक्याचा एक मुद्दा, असे दोन किंवा जास्त जमले की गोळी सुचवतात. पहिलंच बाळ, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३०च्या वर, आईला किंवा बहिणीला हा त्रास झालेला, आयव्हीएफ, आधीच्या बाळाला दहाहून जास्त वर्षं झालेली, हे इतर मुद्दे. तुमच्याकडे वय आणि पहिलं बाळ असे दोन आहेत. जुना रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, जुळं किंवा मागच्या वेळचा प्री-एक्लॅम्पसिया यांतलं एक असलं तरी पुरतं.

गोळी सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू व्हावी, तुम्ही वेळेत आहात. झोपताना घ्या, रोज. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी, अल्सर, रक्तस्रावाचा आजार असेल तर आधी सांगा. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल चालेल, आयब्युप्रोफेन नको. गोळी कधी थांबवायची, ३६ आठवड्यांना की प्रसूतीपर्यंत चालू ठेवायची, याबद्दल डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत. तुमच्यांनी काय ठरवलंय ते फाइलवर लिहून घ्या.

घरी बीपी मोजणार असाल तर मनगटाचं यंत्र नको, दंडाचं घ्या, आणि गरोदरपणासाठी तपासून पाहिलेलं. पट्टा दंडाच्या घेराला साजेसा हवा. जाड दंडाला लहान पट्टा लावला की बीपी खोटंच जास्त दिसतं, आणि या एका चुकीने कित्येकींची झोप उडते. लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसा, पाय जमिनीवर, एकावर एक नकोत. उघड्या दंडावर पट्टा, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला, बोलायचं नाही. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहा. वरचा १४० किंवा खालचा ९० झाला तर त्याच दिवशी फोन. १६०/११० असेल तर फोनवर वेळ घालवू नका, निघा. विसाव्या आठवड्यानंतर न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, उजव्या बरगडीखाली दुखणं, तोंडावर एकाएकी सूज, धाप लागणं, यांपैकी काही असेल तर यंत्रावरचा आकडा चांगला असला तरी दाखवून या. अ‍ॅसिडिटी समजून बरगडीखालचं दुखणं अंगावर काढलं जातं, ते विशेष लक्षात ठेवा.

प्रश्न : पहिल्याच भेटीत शुगर पाहिली, नॉर्मल होती. आता २५व्या आठवड्यात पुन्हा ग्लुकोज प्यायला सांगतात. मागच्या आठवड्यात प्यायले आणि उलटी झाली. पुन्हा करायलाच हवं का? (वय ३७)

करायला हवं. दोन्ही तपासण्यांचा हेतू वेगळा आहे. पहिली तपासणी आधीपासून लपून असलेला मधुमेह शोधते. उपाशीपोटी १२६ किंवा एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ६.५ आलं तर तो गरोदरपणाआधीचाच धरतात. २४ ते २८ आठवड्यांत वारेच्या संप्रेरकांमुळे शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, स्वादुपिंडाला दुप्पट-तिप्पट राबावं लागतं, आणि वयाबरोबर त्याची राखीव ताकद कमी झालेली असते. तेव्हाची परीक्षा आधी घेता येत नाही.

आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवा. ‘रिपोर्ट चांगला यावा’ म्हणून गोड आणि भात-पोळी तोडली तर साखर उलट जास्त येऊ शकते. आठ तास उपास, पाणी चालेल. उपाशी रक्त दिल्यावर ७५ ग्रॅम ग्लुकोज पाव लिटरभर पाण्यात पाच मिनिटांत संपवायचं. एका दमात ढोसू नका, थंड करून घोट घोट घ्या. उलटी बहुधा घाईने पिण्यामुळेच होते. नंतर दोन तास बसून राहायचं, आवारात फेऱ्या मारल्या तर साखर खोटी कमी येते. उलटी झाली की त्या दिवशीची चाचणी बाद, दुसऱ्या दिवशी नव्याने. दुसऱ्यांदाही उलटी झाली तर आठवडाभर घरी बोट टोचून उपाशीपोटी आणि जेवणानंतर साखर मोजण्याचा पर्याय डॉक्टरांना विचारा.

मर्यादा : उपाशी ९२, एका तासाने १८०, दोन तासांनी १५३. तिन्हींपैकी एक जरी त्या आकड्याला पोचला तरी निदान होतं. बहुतेकींचं आहार आणि जेवणानंतरचं चालणं एवढ्यावर भागतं. तेव्हा लक्ष्य असतं उपाशी ९५च्या आत आणि जेवणानंतर तासाने १४०च्या आत. पुढची गोष्ट नेमकी विसरली जाते : बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांत हीच ७५ ग्रॅमची चाचणी पुन्हा करायची.

प्रश्न : पहिलं बाळ २७व्या वर्षी सिझेरियनने. आता ३६व्या वर्षी दुसरं. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत वार खाली आहे म्हणाले. वयामुळे का?

थोडं वयामुळे, जास्त करून आधीच्या टाक्यामुळे. विसाव्या आठवड्यात खाली दिसलेली वार बहुतेकींची पिशवी वाढेल तशी वर सरकते. ३२व्या आठवड्याच्या सुमाराला, शक्यतो योनिमार्गातून सोनोग्राफी करून, गर्भाशयाच्या तोंडापासून अंतर मोजतात. २० मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ती खालीच आहे असं धरतात.

तुमच्या बाबतीत आणखी एक नेमका प्रश्न विचारायचा : वार पुढच्या भिंतीवर, जुन्या टाक्यावर बसली आहे का? तशी असेल तर ती भिंतीत रुतलेली असू शकते. ते आधी कळलं तर प्रसूती मोठ्या केंद्रात, रक्ताची सोय करून ठरवता येते. तोवर न दुखता रक्त गेलं तरी थेट दवाखान्यात जा आणि दारातच ‘वार खाली आहे’ असं सांगा, म्हणजे सोनोग्राफीआधी कुणी आतून तपासणार नाही.

प्रश्न : वय ३९, सगळं नॉर्मल, ३८वा आठवडा. डॉक्टर ३९व्या आठवड्यात कळा आणायचं म्हणतात. नैसर्गिक कळांची वाट का पाहू नये? कळा आणल्या की सिझेरियन होतंच असं ऐकलंय.

वाट पाहता येते, पण त्यामागचा हिशोब समजून घ्या. ३९-४० आठवड्यांत पोटातच बाळ दगावण्याचं प्रमाण ३५च्या आतल्या बायकांत हजारी १ आणि चाळिशीपुढे हजारी २ असं आहे. तुमचं वय या दोन्हींच्या मध्ये, चाळिशीच्या जवळ. धोका दुप्पट, पण आकडा छोटा, ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत, आणि डॉक्टरांनी तुम्हाला दोन्ही सांगायला हवीत. चाळिशी ओलांडलेल्यांना ३९वा आठवडा गाठला की कळा आणण्याचा सल्ला सर्रास देतात. ३५ ते ३९ मध्ये, दुसरी कुठलीच तक्रार नसेल तर, हा चर्चेचा विषय आहे, सक्तीचा नाही.

सिझेरियनबद्दल ऐकलंत ते अभ्यासात टिकलेलं नाही. ३५ किंवा जास्त वयाच्या पहिलटकरणींवर झालेला, २०१६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. निम्म्यांना ३९व्या आठवड्यात कळा आणल्या, निम्म्यांची वाट पाहिली. सिझेरियनचं प्रमाण ३२ आणि ३३ टक्के, म्हणजे सारखंच. वेळ मात्र लागतो. गर्भाशयाचं तोंड कच्चं असेल तर आधी ते फुग्याने किंवा औषधाने मऊ करावं लागतं आणि पहिलटकरणीला या सगळ्यात चोवीस तास किंवा जास्तही जाऊ शकतात. ‘सकाळी दाखल, संध्याकाळी बाळ’ असं डोक्यात घेऊन गेलेली बाई आणि तिचे नातेवाईक रात्री अकराला थकून ‘एकदाचं सिझर करा’ म्हणतात. तिथे कळा आणण्यापेक्षा उतावळेपणा जास्त कारणीभूत असतो.

होकार देण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली, तारीख पक्की आहे का? पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी आणि पाळी यांत सातहून जास्त दिवसांचा फरक होता आणि तारीख पाळीवरचीच राहिली असेल, तर तुमचा ३९वा आठवडा खरा ३८वाही असू शकतो. दुसरी, तोंड किती मऊ आहे? ते आतून तपासूनच कळतं.

थांबायचं ठरवलंत तर बीपी आणि बाळाची तपासणी कितव्या दिवशी, आणि जास्तीत जास्त कोणत्या तारखेपर्यंत थांबायचं, हे आजच ठरवून घ्या. रोजचं काम बाळाच्या हालचालींचं. ‘शेवटी जागा कमी पडते म्हणून बाळ कमी हलतं’ हे चूक आहे. हालचालीची तऱ्हा बदलते, लाथेऐवजी वळणं-सरकणं होतं, पण ती थांबत नाही. तुमच्या बाळाची नेहमीची वेळ तुम्हाला ठाऊक असते. त्या वेळी काही जाणवलं नाही तर डाव्या कुशीवर पडून लक्ष द्या. दोन तासांत दहा हालचाली झाल्या नाहीत तर, रात्रीचे दोन वाजले असले तरी, जा. गोड खाऊन बाळ हलतं का ते बघत बसू नका, आणि घरच्या यंत्रावर ठोके ऐकू आले म्हणून सकाळवर ढकलू नका. ठोके चालू असूनही बाळ अडचणीत असू शकतं, आणि ते दवाखान्यात काढलेल्या ठोक्यांच्या आलेखाच्या पट्टीवरच दिसतं.